वाळुंजबाईंच्या दोन खुर्च्या

वाळुंजबाईंना ‘मिटलं’ हा शब्द चालत नसे. दोन माणसं वर्षानुवर्षं भांडून शेवटी त्यांच्यासमोर कागदावर सह्या करत, पेढ्यांचा पुडा फोडत आणि म्हणत, “चला बाई, मिटलं एकदाचं.” बाई पेढा घेत, तो खात नसत, रुमालात गुंडाळून पिशवीत टाकत आणि म्हणत, “मिटलं म्हणू नगा. थांबलं म्हणा.” आनंदाच्या घटकेला असं विरजण घालायची त्यांना सवयच होती. मी एकदा म्हटलं, “अहो बाई, लोकांना जरा खूश होऊ द्या.” तर म्हणाल्या, “वकील, मिटतं ते फक्त पाकीट. भांडण थांबतं. गाडी थांबती ना, तसं.”

बाई मूळच्या चऱ्होलीच्या. जन्म तिथला, लग्न केलं नाही, म्हातारपणही तिथेच भावाच्या घरी. मधली तीस वर्षं मात्र कामगार न्यायालयात शिरस्तेदार म्हणून गेली. त्यामुळे त्या दोन मराठी बोलत. मजकूर सांगायला लागल्या की ‘सबब उभय पक्षांनी आपसांत तडजोड केली असून’ अशी कोर्टाची, आणि तोंड उघडून माणसाशी बोलल्या की ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ची, घरची. निवृत्त झाल्यावर त्यांनी मध्यस्थी सुरू केली. लोक त्यांना लवादबाई म्हणत आणि त्या चिडत. “लवाद निकाल देतो. मी काय देते? मी दोन खुर्च्या देते.” ते अक्षरशः खरं होतं. मी तेव्हा नवा वकील. अशिलांची वाट बघत बसण्यापेक्षा बाईंचे करारनामे टाइप केलेले बरे, एवढ्याच हिशेबाने मी त्यांच्याकडे गेलो आणि बारा वर्षं राहिलो.

बसायची जागा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या टूलरूमच्या माळ्यावर. दिवस कायम गुरुवार. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, मालक आणि कामगार दोघांनाही त्या दिवशी सवड. लाइटही बहुतेक गुरुवारीच जाते. एरवी त्या रस्त्यावर उभं राहिलं तर तळपायाला प्रेसचे ठोके जाणवतात. गुरुवारी ते थांबतात आणि मग कळतं की आपण इतके दिवस ते ऐकत होतो. भर दुपारी, लख्ख उन्हात, शंभर शेड आणि चिटपाखरू नाही. पंखा बंद, खिडकीच्या जाळीतून येणारा ऑइलचा वास, आणि खाली मालक सोडून गेलेल्या, पोती पांघरलेल्या मशिनी. मी विज्ञान शाखेतून वकिलीला आलेला माणूस, भुताखेतांची थट्टा करणारा. पण बाईंच्या आधी तिथे पोचलो तर मी जिन्याच्या खालीच थांबत असे.

माळ्यावर बाईंचं एक लोखंडी स्टूल, माझं टेबल, आणि समोरासमोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक निळी, एक चॉकलेटी. आत येतानाच मी प्रत्येकाची एका कागदावर सही घेई. या खोलीत जे बोललं जाईल ते खोलीतच राहील, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असं त्यावर छापलेलं असे. मध्यस्थीचा हा पायाच आहे. त्याशिवाय माणूस मोकळा बोलत नाही. मी तो कागद घडाघडा वाचून दाखवी, जसं लग्नात भटजी वाचतात, आणि ऐकणाराही तितपतच ऐके.

मग बाईंची पद्धत सुरू होई. दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं मांडून झालं की त्या म्हणत, “आता उठा. खुर्च्या बदला.” आणि समोरच्याच्या खुर्चीत बसून त्याचंच नाव सांगून, ‘मी’ म्हणून, त्याची बाजू बोलायची. “तो असं म्हणतो” हे चालायचं नाही. ‘मी.’ लोक आधी हसत, लाजत, वकिलाकडे बघत. मग कधीतरी, पाच मिनिटांनी असेल, हसणं थांबे आणि आवाज बदले. का बदले ते मला सांगता येत नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणत, “स्वतःच्या खुर्चीत माणूस खोटं बोलतो, कारण त्याला जिंकायचं असतं. दुसऱ्याच्या खुर्चीत खोटं बोलून काय मिळतंय?”

बोलून झालं की बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं खरं नाव घेत आणि म्हणत, “उठा आता.” हे त्यांनी कधीही चुकवलं नाही. कोर्टात तीस वर्षं पुकारा ऐकला होता त्यांनी. नाव पुकारल्याशिवाय माणूस हजर होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि लोक जिना उतरले की त्या दोन्ही खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवत.

“केर काढायला सोपं जातं, होय?” मी पहिल्या महिन्यात विचारलं.

“कुणी बसून राहू नये म्हणून,” बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

एकदा त्यांनी नाव घ्यायच्या आधीच एक जण उठला. पवार आणि जगदाळे, ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साचे, बनवायच्या धंद्यातले भागीदार, सहा वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले. पवार जगदाळेंच्या खुर्चीत बसून बोलता बोलता रडले आणि डोळे पुसत तडक जिना उतरले. बाई वरून हाक मारेपर्यंत खाली स्कूटर चालू झाली होती. जगदाळे खिडकीतून बघून म्हणाले, “अहो, ती माझी स्कूटर आहे.” पवारांच्या हातात पवारांचीच किल्ली होती. पाऊण तासाने ते परत आले. जगदाळेंच्या घरी जाऊन बसले होते, जगदाळेंच्या बायकोने पाणी दिल्यावर तिला नावाने हाक मारली, आणि मग भानावर आले. या गोष्टीवर आम्ही नंतर खूप हसलो. जुन्या स्कूटरला कुठलीही किल्ली चालते, हे मी सगळ्यांना समजावून सांगत असे. बाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून बसणाऱ्याच्या मागे त्या स्वतः उभ्या राहू लागल्या.

“तुम्ही कधी बसून बघितलंय का या खुर्चीत?” मी तेव्हा विचारलं होतं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी बसले तर मला उठवणार कोण?”

रावेतच्या एका सोसायटीचंही भांडण आलं होतं. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांची तक्रार अशी की वरच्या घरात दुपारभर कोणीतरी चालतं, टेबल ओढतं. वरच्या घरातले नवरा-बायको दोघंही हिंजवडीला नोकरीला. नवऱ्याने सोसायटीच्या गेटवरची नोंद दाखवली, सकाळी आठ ते रात्री आठ घराला कुलूप. हा नवरा शिक्षिकेच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “तो आवाज बंद झाला तर दुपारी मी काय ऐकू?” शिक्षिकेने पदर तोंडाला लावला. मग त्या त्याच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “आम्ही घर घेतलं, पण आम्ही तिथे असतो कुठे? कोणीतरी तिथे राहतंय हे बरंच आहे.” सह्या झाल्या. महिनाभराने मी बाईंना विचारलं, आवाज थांबला का. “आवाज थांबला असं कोण म्हणालं?” बाई म्हणाल्या. “तक्रार थांबली.”

हे सगळं सांगायचं कारण संगीता आणि दत्ता.

दत्ता उदगीरकडचा, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. पॉवर प्रेसखाली हात आणि मग छाती सापडून जागीच गेला. प्रेससमोर एक सेन्सर असतो, हात आत गेला की मशीन थांबतं. पोलिसांच्या आणि कंपनीच्या कागदांत लिहिलं होतं की सेन्सर चालू होता, कामगाराने बाजूने हात घातला, अपघात कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झाला. हे लिहून दिलं होतं शिफ्टचे सुपरवायझर मोरे यांनी. हे मोरे राजगुरुनगरचे, पन्नाशीचे, शांत. नुकसानभरपाई कंपनी देणारच होती, त्याबद्दल भांडण नव्हतं. संगीता आली होती ती एका ओळीसाठी. “ती वळ काढा,” ती म्हणाली. “माझी लेक उद्या वाचील ना. बाप आपल्या चुकीनं मेला म्हणून वाचील.”

कंपनीतर्फे मोरे आणि एक तरुण एचआर अधिकारी आले होते. बाईंनी त्याला खाली थांबायला सांगितलं. “साहेब, तुमच्यासाठी इथं खुर्ची न्हाई.” मग मोरेंना त्यांनी चॉकलेटी खुर्चीकडे बोट दाखवलं. संगीता तिथून उठून भिंतीशी उभी राहिली.

“तिच्या जागी बोलू?” मोरेंनी विचारलं.

“न्हाई. दत्ताच्या.”

मी टायपिंग थांबवलं. जो हयात नाही त्याच्या खुर्चीत बाईंनी तोवर कोणालाच बसवलं नव्हतं. मला ते तेव्हाच खटकलं. मोरे बसले. खाली वाकून दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. बाहेर कुठे एक पत्रा उन्हाने कडकडला. लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला.

“मी दत्ता,” मोरे म्हणाले. आणि मग, “साहेब म्हणले, सेन्सर काढ, माल मागं पडलाय. मी म्हणलो, काढतो. चार दिवस झाले काढून. मी दोन मिनटं फोन मागितला साहेबाला. फोन गेटवर जमा असतेत आमचे. साहेब म्हणले, लॉट झाल्यावर जा. मी घाई करायलो.”

हे मोरेंचं बोलणं नव्हतं. राजगुरुनगरचा माणूस असं बोलत नाही. मग त्यांनी मान वर केली आणि भिंतीशी उभ्या संगीताकडे बघितलं.

“नळ मीच उगडा ठिवून आल्तो,” ते म्हणाले. “तुज्याकडनं न्हवता राहिला. तू रडायलीस कामून?”

संगीता खाली बसली. रडत ती नव्हती, नुसती बसली. तिने नंतर आम्हाला सांगितलं ते असं. त्यांच्या भागात पाणी एक दिवसाआड येतं, अकराच्या सुमाराला. त्या दिवशी ती कामावरून धावत घरी आली ती नवऱ्याची बातमी ऐकून, आणि खोलीत घोटाभर पाणी. नळ उघडा राहिलेला. अंथरूण, तांदूळ, लेकीची पुस्तकं, सगळं भिजलेलं. मैताला आलेल्या बायका पाण्यातच उभ्या होत्या. सकाळी शेवटी घरातून आपण निघालो, नळ आपणच उघडा ठेवला, असं ती सात महिने धरून बसली होती. कुणाला बोलली नव्हती. नवरा मेल्यावर नळाचं काय बोलायचं.

बाईंनी मोरेंच्या खांद्यावर हात ठेवला. “मोरे, उठा आता.” मोरे उठले, आपल्या निळ्या खुर्चीत जाऊन बसले, घाम पुसला. बाईंनी विचारलं, “मोरे, सेन्सर चालू होता का बंद?”

“चालू होता,” मोरे म्हणाले. “कामगाराची चूक झाली.” आणि एवढं बोलून ते स्वतःच दचकले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

पुढचं माझ्या वाट्याचं. संगीताला ते समजावून सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं. म्हटलं, ताई, आत येताना सही केलीत ना, इथलं बोलणं इथेच राहतं, कोर्टात नेता येत नाही, बाईंना साक्षीला बोलावता येत नाही, मलाही नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे मला आता म्हाईत झालं. पर मी कुणाला सांगायचं न्हाई, असं म्हणायलाव का तुमी?” मी म्हटलं, सांगा, पण ते धरलं जाणार नाही. तिने भरपाईच्या कागदावर सही केली, लेकीसाठी. ओळ तशीच राहिली. ती जिना उतरताना मला पायऱ्या मोजल्यासारखा तिच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता. मला माझी शरम वाटली, आणि शरम वाटते तेव्हा मी करतो तसं मी फाइल नीट लावत बसलो. बाईंनी खुर्च्या उलट्या केल्या.

त्याच वर्षी राज्याने लवाद आणि मध्यस्थीचे आपले जुने नियम बदलायला घेतले. केंद्राचा नवा कायदा आला होता, त्याला धरून राज्याचे नियम करायचे, म्हणून एक समिती नेमली, आणि कुणाच्या तरी ओळखीने तिचं मसुदा लिहायचं काम मला मिळालं. बैठका पुण्यात. वकील, कारखानदार, कामगार संघटना, सगळ्यांच्या सूचना येत. ऑनलाइन मध्यस्थी, मुदती, फी, गावोगावी मध्यस्थ. एक दिवस दारात वाळुंजबाई. हातात एक पान, त्यावर एकच सूचना: जिथे माणसाचा मृत्यू झाला असेल, तिथे खोलीत बोललेलं वारसाला बाहेर नेता यावं.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पान दोनदा वाचलं. “बाई, तुम्ही स्वतः तपभर या कामात आहात. बाहेर जाणार असेल तर आत खरं कोण बोलेल?”

“कुणी न्हाई बोलणार,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“म्हणून तर तुमच्याकडं आले. मला उत्तर सापडलं असतं तर चऱ्होलीवरनं कशाला आले असते?”

कोणाचंही नाव त्यांनी घेतलं नाही, चाकण म्हणाल्या नाहीत, प्रेस म्हणाल्या नाहीत. कशाबद्दल चाललंय ते त्या दालनात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी इतिवृत्त लिहीत होतो. मग बाईंनी टेबलाजवळची एक रिकामी खुर्ची ओढून दालनाच्या मधोमध ठेवली. “तुमच्यातल्या एकानं इथं बसा. पाच मिनटं. एका बाईच्या जागी. मग कलम कसं ल्ह्यायचं ते ठरवा.” सगळे एकमेकांकडे बघून हसले. कोणी उठलं नाही. मीही नाही. बाई नमस्कार करून गेल्या. दुपारी आणखी माणसं आली, खुर्च्या कमी पडल्या, दोन जण भिंतीला टेकून उभे राहिले, पण मधली खुर्ची संध्याकाळपर्यंत रिकामीच होती. शिपायानेही तिला वळसा घालून चहा दिला.

मोरे मात्र दर गुरुवारी माळ्यावर येऊ लागले. आपण होऊन. “मला तिथं बसू द्या,” म्हणायचे, चॉकलेटी खुर्चीकडे बघून. तिथे बसलं की सगळं बोलता येतं, असं त्यांचं म्हणणं. बाई नाही म्हणत. “दत्तानं एकदा सांगितलं, बास झालं. आता तुम्ही सांगा. तुमच्या खुर्चीत बसून. खोलीतलं खोलीत राहतं, पण तुम्ही बाहेर जाऊन तुमच्या तोंडानं तेच सांगितलंत तर कुठलाच कायदा तुम्हाला अडवत न्हाई.” मोरे निळ्या खुर्चीत बसत. तोंड उघडत. “सेन्सर...” म्हणत आणि पुढे शब्द येत नसे. सातव्या का आठव्या गुरुवारी ते म्हणाले, “बाई, माझ्या खुर्चीत माझी जीभच वळत न्हाई वो.” त्यांना नोकरीची भीती होती, पोलिसांची होती, घरी दोन पोरी होत्या, हे सगळं मला कळत होतं. तरी मला त्यांचा राग येत होता. बाईंच्या चेहऱ्यावर कसलाही राग दिसत नसे. तीस वर्षांत तो कोणाला दिसला नव्हता.

त्यानंतरच्या गुरुवारी मला उशीर झाला. लाइट गेलेली, दुपारचा एक वाजलेला. जिन्यावरूनच आवाज ऐकू आला, घोगरा, खाली मान घातल्यासारखा. “मी मोरे. सेन्सर मी काढाया लावला. दत्ताची चूक नव्हती.” परत तेच. परत तेच. मला वाटलं, आला बोलायला शेवटी. वर गेलो तर मोरे भिंतीशी उभे होते, घाबरलेले. निळ्या खुर्चीत वाळुंजबाई होत्या.

“पोराला पाढे शिकिवत्यात तसं मला शिकवाया बसल्या,” मोरे कुजबुजले. “आता थांबत न्हाईत.”

मी दारातूनच ‘बाई’ अशी हाक मारली. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, उठल्या, पिशवी घेतली. सगळं नेहमीसारखं. फक्त खुर्च्या उलट्या न करता त्या जिना उतरल्या, आणि मीही केल्या नाहीत. माझ्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. पुतणसुनेचा फोन आला, आत्याबाईंना बरं नाही, ताप नाही, दुखणं नाही, नुसत्या बसून असतात आणि काहीतरी बोलतात.

मी जायचं टाळलं. कामं होती. खरं म्हणजे भ्यायलो होतो. तीन आठवड्यांनी मोरेंचा फोन आला. ते चऱ्होलीला जाऊन आले होते. “वकीलसाहेब, त्या बाईनं माझं घेतलंय अंगावर,” ते म्हणाले. “अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगती, सेन्सर मी काढाया लावला. लोकं हसत्यात तिला. मला बघवलं न्हाई. कुठल्या कचेरीत जायचं ते सांगा.”

मी त्यांना कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत घेऊन गेलो. कारकुनाने खुर्ची पुढे केली. “नको, मी उभाच बरा,” मोरे म्हणाले आणि उभ्याने, स्वतःच्या आवाजात, राजगुरुनगरच्या बोलीत त्यांनी सगळं लिहून दिलं. परतताना रिक्षात मी विचारलं, “नळाचं तुम्हाला दत्ताने त्या दिवशी सांगितलं असणार, फोन मागताना.”

“कुठला नळ?” मोरे म्हणाले. मी आठवण करून दिली. “फोन मागितला होता, व्हय. कशासाठी ते न्हाई बोलला. मी इचारलंच न्हाई.”

संगीताला मी जबाबाची नक्कल नेऊन दिली. तिने बोट ठेवून ती पुरी वाचली. मग म्हणाली, “यात नळाचं न्हाई.” मी म्हटलं, नाही. “बरं झालं,” ती म्हणाली. “ते माझं हाय.” आणि कागदाची घडी घालून तिने ती लेकीच्या हातात दिली.

मग मात्र मी चऱ्होलीला गेलो. दुपारचे बारा. भोवती नव्या इमारतींचे सांगाडे, मधे वाळुंजांचं बैठं घर, अंगणात शेवग्याचं झाड. बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर तळहात, मोरेंसारखे. फार वाळल्या होत्या.

“बाई, मोरे बोलले,” मी म्हटलं. “स्वतःच्या तोंडाने. ओळ निघेल आता.”

“मोरे मीच,” त्या म्हणाल्या. “सेन्सर मी काढाया लावला.”

मी मागे गेलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाड लागलं हाताला. “वाळुंजबाई, उठा आता.” एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव घेऊन, कोर्टात पुकारतात तसं पूर्ण पुकारलं. पुतणसून दारात येऊन उभी राहिली. बाई हळूहळू उठल्या, झाडाला धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे, कोण आलंय ते ओळखल्यासारखं बघितलं. “वकील, तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या.

बसायचं नव्हतं मला. पण त्या समितीच्या दालनात मी उठलो नव्हतो, ते मला टोचत होतं. मी बसलो. खुर्ची गरम होती. “मी वाळुंजबाई,” मी म्हटलं, आणि पुढे काय बोलायचं ते मला खरोखर माहीत नव्हतं. मी दमलेय, असं काहीतरी म्हणावं असं डोक्यात होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. “त्या मान्साचा मला लई राग आला व्हता. दाखिवता आला न्हाई. तीस वर्सं मधीच बसले. मला एकदा तरी कुनाच्या तरी बाजूनं बोलायचं व्हतं.”

मी पुण्याच्या पेठेत वाढलेला माणूस. ‘व्हता’ मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही.

बाईंनी डोळे मिटले. “व्हय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग झाड सोडून त्या माझ्या मागे आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि माझं नाव घेतलं. बारा वर्षांत त्यांनी मला कायम वकीलच म्हटलं होतं. “उठा आता,” त्या म्हणाल्या.

मसुद्यात ते कलम मी लिहिलं. ते अजून कंसात आहे, विचाराधीन. अध्यक्ष दर बैठकीला विचारतात, बाहेर जाणार असेल तर आत खरं कोण बोलेल, आणि मी दर बैठकीला म्हणतो की मला ठाऊक नाही, पण कंस काढू नका. बाई त्या पावसाळ्यात गेल्या.

चऱ्होलीच्या त्या दुपारी मी निघून फाटकापाशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारून मला थांबवलं. पुतणसून मदतीला धावली, तिला त्यांनी हाताने दूर केलं. दोन्ही हातांनी त्यांनी ती खुर्ची उचलली, दोनदा ती हातातून सुटली, तिसऱ्यांदा उलटी करून अंगणात ठेवली, चारी पाय वर. मग माझ्याकडे बघून मान हलवली, आता जा म्हणून, आणि त्या भुईवर बसल्या.